इद्दतीतला कापूस

नवे पैसे चालू झाले त्या साली शिरूरच्या बाजारात जिकडेतिकडे एकच घोळ माजला होता. आण्याचे किती आणि दोन आण्यांचे किती, यावरून भाजीवाल्या बाया आणि गिऱ्हाइकं दिवसभर हुज्जत घालत. शेखलाल पिंजारी मात्र त्या भानगडीत पडायचा नाही. "मजुरी रुपयांत बोला, न्हाईतर पायलीनं जोंधळं घाला. ते नवं-जुनं माझ्या डोक्यात शिरत न्हाई," असं म्हणून तो हसायचा आणि पुन्हा कामाला लागायचा.

त्याचं घर घोड नदीकडं उतरणाऱ्या वाटेवर होतं. दोन खोल्या आणि पुढं पत्र्याची पडवी. पडवीच्या आढ्याला दोरीनं धनुकली टांगलेली असायची. माणसाच्या उंचीची ती लाकडी कमान, आणि तिला ताणून बांधलेली आतड्याची तात. खाली कापसाचा ढीग. शेखलाल उकिडवा बसायचा, डाव्या हातानं कमान तोलायचा आणि उजव्या हातातल्या लाकडी ठोकळ्यानं तातीवर ठोका मारायचा. टंग् करून तात थरथरायची आणि दडपून घट्ट झालेला कापूस उसळून वर यायचा, हलका होऊन बाजूला पडायचा. वाटेनं जाणाऱ्या माणसाला त्या ठोक्यांवरूनच कळायचं की शेखलाल घरी आहे.

त्याचं काम संपलं की खातूनचं सुरू व्हायचं. पिंजलेला कापूस खोळीत भरायचा, काठीनं झोडपून सारखा करायचा आणि मग दाभण घेऊन टाके घालायचे. गादी ओढून धरायला समोर शेखलाल बसायचा. एका टोकाला तो, एका टोकाला ती. निम्मा संसार त्यांचा असा गादीच्या दोन टोकांना बसून बोलण्यात गेला होता. गादी लोकांची. हे स्वतः गोधडीवर निजायचे.

दुपार होईस्तोवर शेखलालच्या भुवया, मिशा, दाढी सगळी कापसानं पांढरी व्हायची. खातून म्हणायची, "म्हातारे दिसायला लागलात."

"मग बघून घे आत्ताच," तो म्हणायचा. "मागनं म्हनशील, असं दिसंल म्हनून कुनी सांगितलं न्हवतं."

घरात तिसरी नऊ वर्षांची लेक लालबी, आणि चौथी शेखलालची आई सुलतानबी. म्हातारीचे दोन्ही डोळे मोतीबिंदूनं गेले होते. आतल्या खोलीत भिंतीला टेकून ती दिवसभर तसबीहची माळ ओढत बसायची आणि पडवीतले ठोके ऐकायची. तिचा नवराही पिंजारीच होता. लग्न होऊन आली त्या दिवसापासून तिच्या कानांत हाच आवाज होता.

दिवाळी झाली की दरसाल शेखलाल धनुकली खांद्यावर टाकून दौंडला जायचा. तिथं रेल्वेच्या क्वार्टरांतून थंडीच्या तोंडावर गाद्या-उशांचं काम निघे. खातूनचा थोरला भाऊ सिद्दीक इंजिनांच्या शेडमध्ये खलाशी होता, त्याच्याकडं उतरायची सोय होती. पंधरा-वीस दिवस काम करून तो परत यायचा आणि मग तालुक्यातल्या शेतकऱ्यांच्या लगीनगाद्यांचा हंगाम सुरू व्हायचा. त्या साली इनामगावच्या हौसराव पाटलांनी तर आधीच बैलगाडीनं कापूस आणून टाकला होता. त्यांच्या थोरल्या लेकीचं माघात लग्न होतं.

एका दुपारी खातून पडवीत उशीला टाके घालत होती. वाटेवर मालट्रक थांबल्याचा आवाज आला. तिनं मान वर केली. ट्रकच्या फाळक्यावरून कुणीतरी धनुकली खाली देत होतं.

"लाली," ती आत बघून म्हणाली, "चुलीवर पानी ठेव. अब्बा आलं तुजं."

मग सिद्दीक खाली उतरला. धनुकली त्याच्याच हातात होती. त्यानं ती भिंतीला टेकवली आणि तो तिथंच उभा राहिला, पडवीची पायरी चढेना. खातून ट्रककडं बघत राहिली. अजून एक माणूस उतरायचं होतं. ते काही उतरेना.

"भाईजान," ती म्हणाली, "ते कुठं हायेत?"

सिद्दीकनं तोंडावर हात धरला. ताप चढला होता, तो म्हणाला. पहिल्या दिवशी अंगावरच काढला, काम सोडेना. दुसऱ्या दिवशी बडबडायला लागला. दवाखान्यात नेलं तोवर उशीर झाला होता. हे सगळं तो सांगत होता तेव्हा चौघे जण ट्रकमधून चादरीत गुंडाळलेलं काहीतरी जपून उतरवत होते. आत चुलीपुढं लालबी फुंकणीनं जाळ फुंकत होती.

आंघोळ घालायच्या आधी खातूनला तोंड दाखवलं. दाढीत कापूस तसाच होता. कामावरून उठून निजलेला माणूस, कुणी झटकला नव्हता. तिनं एकेक तंतू चिमटीनं वेचला. बाया म्हणाल्या, "उठ बाई, आता मानसं खोळंबली." ती उठली, पण मूठ तिनं उघडली नाही. सुलतानबीला दोघींनी धरून आणली. म्हातारीनं लेकाच्या तोंडावरून हात फिरवला, कपाळ, नाक, ओठ, हनुवटी, आणि मग हात तिथंच ठेवून ती बसून राहिली. तिला उचलूनच बाजूला करावं लागलं.

संध्याकाळच्या आत सगळं उरकलं.

खातूनच्या हातातल्या काचेच्या बांगड्या उतरवल्या आणि ती इद्दतीत बसली. चार महिने दहा दिवस. उंबऱ्याबाहेर जायचं नाही, परक्या पुरुषापुढं यायचं नाही, नवं नेसायचं नाही. पहिले तीन दिवस शेजारपाजारच्या घरांतून ताट आलं. शेजारची साखरबाई माळीण तर रोज भाकरी आणि कालवण घेऊन यायची, चुलीपाशी ताट ठेवून जायची. चौथ्या दिवशी मात्र आपली चूल आपणच पेटवायची होती. पिठाच्या डब्यात हात घातला तर बोटं तळाला लागली.

रडायला बसलं की तिला पीठ आठवायचं, आणि पीठ मळायला बसलं की तो आठवायचा. दोन्ही कामं अर्धवट राहायची. लालबीला दुकानात धाडलं तर ती रिकामी पिशवी घेऊन परत आली. "मागलं आधी भागवा म्हनं," एवढंच बोलली आणि कोपऱ्यात जाऊन बसली. पोर त्या दिवसापासून जेवायला मागायची बंद झाली. मागत नाही हे खातूनला मागण्यापेक्षा जास्त लागायचं.

आठ-दहा दिवसांनी हौसराव पाटील आणि त्यांची बायको मुक्ताबाई भेटायला आले. पाटील बाहेर वाटेवरच थांबले. मुक्ताबाई आत येऊन खातूनजवळ बसली, तिचा हात हातात घेतला. रडली. मग पडवीतल्या कापसाच्या ढिगाकडं बघून घुटमळली.

"खातून, मी काय म्हन्ते," ती म्हणाली, "लगीन तोंडावं आलंय. आमचं मालक म्हनत्यात, कापूस गाडीत घालून दुसरीकडं द्यावा. तुला आता कुठं ह्यो ताप."

गाडी बाहेर उभीच होती. बैल मान हलवत होते, घुंगरं वाजत होती. खातूनला दिसलं की आता हा कापूस गाडीत चढेल, पडवी रिकामी होईल, आणि त्या घरात शेखलालनं हाती घेतलेलं असं काहीच उरणार नाही. त्या ढिगात त्यांचं चार महिन्यांचं खाणं होतं, हेही तिला दिसलं. कोणतं आधी दिसलं ते तिला पुढंही कधी सांगता आलं नाही.

"कापूस ठिवा काकी," ती म्हणाली. "गाद्या व्हतील."

"कोन पिंजंल?"

"व्हतील म्हन्ले ना."

मुक्ताबाई मग उठली, आणि जाताना पदराखाली आणलेलं जोंधळ्याचं गाठोडं चुलीपाशी ठेवून गेली. "मजुरीतनं वळती कर," असं दारातून म्हणाली.

साखरबाईच्या हाती खातूननं मशिदीत पेशइमामांना विचारायला धाडलं. त्यांचा निरोप आला, की पोटापाण्यासाठी घरात बसून काम करायला कसलीही मनाई नाही, अल्लाला सगळं दिसतं. तेवढा धर्माचा प्रश्न मिटला. हाताचा प्रश्न राहिला.

खातूननं जन्मात कधी धनुकलीला हात लावला नव्हता. बायका लावतच नसत. तिनं बारा वर्षं ती बघितली होती आणि ऐकली होती, एवढंच. साखरबाईच्या मदतीनं तिनं ती आढ्याला टांगली, दाराला तरटाचा पडदा लावला आणि शेखलाल बसायचा तिथं, तसाच उकिडवा पाय घेऊन बसली. कमान तिच्या हातात डुगडुगायला लागली. ठोकळ्याचा पहिला घाव तातीऐवजी बोटांवर बसला. दुसरा कापसात. तिसरा नीट बसला.

टंग्.

आतल्या खोलीतून आवाज आला, "शेखू? आलास व्हय रं?"

खातूनचा हात वरच्या वर राहिला.

"कवा आलास?" म्हातारीच्या आवाजात हसू होतं. "आधी पानी तरी पी. आल्या आल्या कामाला बसतोय. लाली, तुज्या अब्बाला पानी दे."

लालबी चुलीपाशी होती. ती तांब्या हातात घेऊन उठली, आणि मग तिला कळलं, आणि ती तशीच आईकडं बघत उभी राहिली. खातून आत गेली. सासूपुढं खाली बसली, तिचे हात धरले.

"अम्मा, मी हाय. खातून."

म्हातारीनं चाचपत तिचे हात बघितले, मनगटं बघितली. मनगटांत बांगड्या नव्हत्या. तोंडावरचं हसू हळूहळू गेलं, आणि मग ती जी ओरडली, ते मयताच्या दिवशीही ओरडली नव्हती. त्या दिवशी मेला होता तो लेक चादरीतला होता. आज पडवीत येऊन बसलेला गेला.

रडं ओसरल्यावर ती म्हणाली, "तिला हात लावू नगंस. माज्या पोराचा आवाज हाय त्यो."

"मग खायाचं काय, अम्मा?"

"मला नगं खायाला."

"तुमाला नगं. लालीला?" खातूनचा आवाज चढला. "मला रडायलासुदिक फुरसत न्हाई. तुमी बसल्या जागी रडताय. मी कवा रडू?"

बोलून गेली आणि तिचा तिलाच धक्का बसला. सासूपुढं आवाज चढवायची त्या घरात रीत नव्हती. म्हातारी भिंतीकडं तोंड करून बसली, त्या दिवशी जेवलीही नाही. खातूननं दुसऱ्या दिवशी तिला लालबीकरवी साखरबाईच्या घरी पाठवली आणि पुन्हा काम धरलं. पण दोन घरांच्या मधे एक भिंत, आवाज तो कुठं अडणार? साखरबाई सांगत आली, "म्हातारी कानात बोटं घालून बसलीया. तरी रडतीया." खातून रागानं परत ठोक्याला बसली. कसा मारला कुणास ठाऊक, तात मधोमध तुटली आणि तिच्या गालावर सपकन बसली.

ती तात शेखलालनं दौंडला जायच्या आदल्या दिवशी बांधली होती. तिची तुटकी दोन टोकं घेऊन ती कापसात बसून राहिली.

त्याच आठवड्यात सिद्दीक आला. पडवीत बसून बहीण-भाऊ बोलले. तो म्हणाला, इद्दत संपली की दौंडला चल. एका बंगल्यात सैपाकाला बाई पाहिजे, लालीचंही तिथंच भागेल. सुलतानबीला पाबळला तिच्या पुतण्याकडं पोचवू. धनुकलीला गिऱ्हाईक आहे. आणि हो, रेल्वेच्या एका गार्डसाहेबांच्या क्वार्टरात शेखलालचं काम अर्धवटच पडलंय, त्यांच्या बाई बिचाऱ्या काही बोलत नाहीत, पण कापूस त्यांच्या घरात तसाच आहे.

खातून सगळं ऐकत होती. गालावरचा वळ अजून ठणकत होता. "न्हे," ती म्हणाली. "न्हे ती धनुकली. मला न्हाई जमत."

सिद्दीक उठला, आढ्याची दोरी सोडायला हात वर केला. तेवढ्यात आतून सगळं ऐकत असलेली सुलतानबी भिंतीला धरत धरत पडवीत आली. किती दिवसांनी ती आपणहून त्या उंबऱ्यातून बाहेर पडली होती. कापसात पाय बुडाले तसं तिला कळलं आपण कुठं आहोत, आणि ती तिथंच खाली बसली.

"तात आना," ती म्हणाली.

कुणालाच समजेना.

"उतरंडीच्या मागं मडक्यात असंल. त्येच्या बापाच्या येळंपासून तिथंच ठेवत्यात. लाली, आन."

लालबीनं तातीचं वेटोळं आणून तिच्या हातात दिलं. म्हातारीनं ते पाण्याच्या बोटानं ओलं केलं, उलगडलं, कमानीची टोकं चाचपली. तरणी असताना नवऱ्याला तात तीच बांधून द्यायची. डोळे नव्हते पण गाठ बोटांनी सापडली. एक टोक, दुसरं टोक, मग ताण. बोटानं तात छेडून बघितली, ऐकलं, आणखी ताणली. हे सगळं करताना तिच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि ते पुसायला तिचे हात मोकळे नव्हते.

"बस," ती खातूनला म्हणाली. "वाजव."

"अम्मा, तुमाला—"

"मी रडंन. मला रडू दे. तू हात थांबवू नगंस."

सिद्दीक दोरी सोडून बाहेर जाऊन उभा राहिला.

तसंच झालं मग. खातून पिंजायची आणि म्हातारी शेजारी बसून रडायची. पहिल्या पहिल्यांदा मोठ्यानं, नंतर आवाज न करता. मधेच म्हणायची, "घाव खाली पडतोय," किंवा "ढिली पडली बघ, कडंची गाठ आवळ." आणि परत रडायची. खातूनच्या तळहाताला फोड आले, फुटले, घट्टे पडले. शेखलालचं दिवसाचं काम तिला चार दिवस पुरायचं. हळूहळू ते तीन दिवसांत व्हायला लागलं. गादीला टाके घालायच्या वेळी दुसऱ्या टोकाला लालबी बसायची. पोरीच्या हातात जोर नसे, गादी एका अंगाला ओढली जायची, आणि दाभण घालायला मान वर केली की समोर ते एवढंसं तोंड बघून खातूनला पुढचा टाका दिसेनासा व्हायचा.

माघ लागला तेव्हा दोन गाद्या आणि चार उशा तयार होत्या. शेखलालच्या गाद्यांसारख्या सफाईच्या नव्हत्या, एका कोपऱ्याला किंचित चढउतार होता. पण गाद्या होत्या.

मुक्ताबाई गाडी घेऊन आली. या खेपेला तिच्याबरोबर तिची नणंद होती. नणंदेनं गादीवरून हात फिरवला, उचलून बघितली, चांगली म्हणाली. मग विचारलं, "पिंजारी कोन मिळाला?"

"कोन मिळायचा?" खातून म्हणाली. "मीच पिंजली."

नणंद हात काढून उभी राहिली. मुक्ताबाईला तिनं बाजूला नेलं. खातूनला सगळंच ऐकू येत होतं असं नाही, पण ऐकायची गरजही नव्हती. नवऱ्या मुलीची गादी. विधवेच्या हातची. तीही सुतकात बसून केलेली.

मुक्ताबाई परत आली ती खाली बघत. "खातून, मला त्यातलं काय वाटत न्हाई गं. पर तिकडची मानसं… उद्या काय बरंवाईट झालं तर बोट माज्याकडं. लेक हाय माजी."

खातूनला राग यायला हवा होता. तिनं मनाशी विचार करून बघितला. लालीचं लग्न असतं आणि गादी अशी कुठून आली असती तर? आपल्यातही विधवा बाईला कुणी नवरीच्या मेंदीला हात लावू देत नाही. आपण काय केलं असतं? उत्तर आलं ते तिला आवडलं नाही.

"गाद्या तुला ऱ्हाऊ दे," मुक्ताबाई म्हणत होती. "मजुरी पुरी घे. कापूस आमचा गेला असं समजू."

"कापूस कसा जाईल, काकी? तुमच्या रानातला हाय."

तिनं कात्री घेतली आणि गादीचा पहिला टाका कापला. मुक्ताबाई 'अगं अगं' करत राहिली. खातून एकेक टाका उसवत गेली. पोरीबरोबर बसून घातलेले टाके, कुठं वाकडे, कुठं दोनदा घातलेले. खोळ मोकळी झाली, कापूस पोत्यांत भरला. उशाही उसवल्या. मजुरी तिनं फक्त पिंजायची घेतली, शिवणीची घेतली नाही. गाडी गेली. वळणापर्यंत मुक्ताबाई मागं वळून बघत होती आणि डोळ्याला पदर लावत होती, पण गाडी काही तिनं थांबवली नाही.

आत म्हातारी विचारत होती, "न्हेल्या का गाद्या? काय म्हन्ली?"

"चांगल्या झाल्यात म्हन्ली," खातूननं सांगितलं.

त्या मजुरीवर फाल्गुन निघाला आणि इद्दत संपली. साखरबाईनं डोक्यावरून आंघोळ घातली. बाहेर पडायची मुभा मिळाली तर कुठं जावंसंच वाटेना. पण दौंडचं काम होतं. गार्डसाहेबांच्या बायकोनं सिद्दीकबरोबर निरोप धाडला होता, जमत असेल तर ये, नसेल तर राहू दे. पिंजारी पुन्हा शोधायला त्यांनाही जड जात होतं.

खातूननं धनुकली खांद्यावर घेतली आणि एसटीच्या थांब्यावर जाऊन उभी राहिली. बाईच्या खांद्यावर धनुकली म्हणून माणसं बघत होती. तिनं पदर तोंडावर ओढून घेतला. कंडक्टरनं धनुकली टपावर चढवली.

रेल्वेच्या क्वार्टरांत सगळी घरं सारखी, लाल विटांची. गार्डसाहेबांची बायको वयस्कर होती, सोलापूरकडची, मऊ बोलायची. तिनं मागच्या ओसरीवर नेलं. कोपऱ्यात जुन्या चादरीखाली कापूस होता. तिनं चादर काढली.

दोन ढीग होते. "हा राहिलेला," बाई म्हणाली. "आणि हा त्यांनी पिंजलेला. मी हात लावू दिला नाही कुणाला."

खातून खाली बसली. दुसऱ्या ढिगात तिनं हात घातला. शेखलालनं पिंजलेला कापूस कसा असायचा ते तिच्या हाताला माहीत होतं. हात घातला की कोपरापर्यंत जायचा आणि काही लागायचं नाही. हा तसा नव्हता. हिवाळाभर चादरीखाली दडपून तो खाली बसला होता, त्याचे गोळे झाले होते.

"चालेल का तसाच?" बाईनं विचारलं.

"न्हाई बाई. परत पिंजाया लागंल."

तिनं आधी राहिलेला ढीग घेतला. तो त्या दिवशी संपला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी संपला. मग ओसरीवर शेखलालचाच कापूस तेवढा उरला. तिनं कमान तशीच ठेवली, पाणी प्यायली, उगाच तात आवळली, सोडली, परत आवळली. त्या माणसाच्या हातचं जगात एवढंच राहिलं होतं. शेवटच्या दिवशी, तापात, अंगावर काढून केलेलं. ते ठेवावं कसं? कशात? आणि ठेवलं तर बाईची गादी कशानं भरायची, घरी जाताना काय घेऊन जायचं?

तिनं ठोका मारला. कापूस उसळला, त्यानं केलेलं काम तिच्या हातानं मोडलं, आणि मऊ होऊन तो दुसऱ्या कापसावर जाऊन पडला. चार-पाच ठोक्यांनी कोणता त्याचा आणि कोणता तिचा ते सांगता येईना. तेव्हा ती रडली. हात चालू होता आणि ती रडत होती, हुंदका आला की ठोका चुकत होता आणि परत लागत होता. गार्डसाहेबांची बायको आतून धावत आली, काय झालं काय झालं म्हणाली, आणि मग जवळ येऊन जमिनीवर बसली. पलीकडं शंटिंगचं इंजिन शिट्ट्या देत होतं. ढीग संपेपर्यंत दोघी तशाच बसल्या होत्या.

गादी भरताना दुसरं टोक बाईनंच धरलं.

शिरूरला ती परत आली तेव्हा सुलतानबी दारात बसली होती. पायाचा आवाज ओळखून म्हणाली, "खातून?"

"व्हय अम्मा."

"झालं त्येचं काम?"

"झालं."

"पुरं झालं?"

"पुरं."

म्हातारीनं मान हलवली. बराच वेळ हलवत राहिली. मग चाचपत उठली आणि आत जाऊन भिंतीकडं तोंड करून निजली.

ती त्यानंतर दोन वर्षं जगली. खातूननं धनुकली विकली नाही. लगीनगाद्यांचं काम तिला कुणी दिलं नाही आणि तिनंही मागितलं नाही. जुन्या गाद्या उसवून पुन्हा भरून द्यायच्या, म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या, आजाऱ्यांच्या, रेल्वेच्या क्वार्टरांतल्या, हेच तिच्या वाट्याला आलं. शिरूर ते दौंड, अधेमधे केडगाव, असा तिचा फेरा पडला आणि लोक तिला पिंजारीणबाई म्हणायला लागले. लालबीचं लग्न तिनं त्यातच केलं. रडू मात्र तिला आपल्या घरात कधी आलं नाही. यायचं ते कुणाच्या तरी परक्या ओसरीवर, ठोके चालू असताना. त्या घरच्या बायांना वाटायचं, कापसाची धूळ डोळ्यांत गेली असेल, आणि त्या पाण्याचा तांब्या आणून शेजारी ठेवायच्या.